बारा बोरांचा एक पौंड

आजोबांच्या बंदुकीच्या परवान्यात शस्त्राच्या रकान्यात एवढंच लिहिलंय: ‘डी.बी.बी.एल. गन, १२ बोअर’. त्याखाली बंदुकीचा नंबर आणि मग पानंच्या पानं नूतनीकरणाचे शिक्के. कडा खाल्लेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली ती पुस्तिका गेल्या वर्षी माझ्याकडे आली, कारण घरात सरकारी कागद वाचायचं काम माझ्याकडे आहे. मी पुण्यात नोकरी करते, पण गाव कुडाळ तालुक्यात आहे आणि घरात कुठलाही फॉर्म आला की त्याचा फोटो आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतो.

विषय साधा होता. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या आणि आजोबांना बंदूक दोनदा पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागली. दुसऱ्यांदा परत आणल्यावर ते म्हणाले, आता माझ्याने होत नाही. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. कायद्यात सोय आहे: परवानाधारकाने सत्तरी ओलांडली असेल, तर तो आपल्या वारसांपैकी कुणाचं तरी नाव सुचवू शकतो आणि तो वारस स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो. बाबांनी साफ नकार दिला. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, बंदूक हवी होती. आणि आजोबांचं म्हणणं होतं की नाव माझं लावायचं.

का, असं मी विचारलं तर म्हणाले, “तू वाचतंस म्हणान.”

तर मग वाचायला घेतलं.

‘डी.बी.बी.एल.’ म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग. दोन नळ्या, आणि काडतूस मागून भरायचं. आमच्याकडे याला दुनळी म्हणतात. वाडीत बाकी ज्या दोन-तीन बंदुका आहेत त्या ठासणीच्या: तोंडातून दारू ओतायची, वर बोळा ठासायचा, मग छर्रे, परत बोळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात याच ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि तिने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी, आत गुळगुळीत नळी असलेली बंदूक देता येते. आजोबांच्या परवान्यामागे हेच कलम आहे. नारळ, काजू, थोडी भातशेती, आणि त्यावर येणारी माकडं आणि डुकरं. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे ही बंदूक आयुष्यभर मुख्यतः आभाळात बार काढण्यासाठीच वापरली गेली. माकडांना आवाज कळतो. निदान पहिले काही महिने तरी कळतो.

आता ‘१२ बोअर’. वाडीत याचा उच्चार ‘बाराबोर’ असा होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हमखास बोरं येतात. बोअर म्हणजे नळीचं भोक, बोरांशी त्याचा काही संबंध नाही. पण गंमत अशी की हिशोब खरोखर बोरांचाच आहे. एक पौंड शिसं घ्या, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. प्रत्येक गोळी होईल ३७.८ ग्रॅमची आणि तिचा व्यास १८.५ मिलिमीटर. बऱ्यापैकी टपोऱ्या बोराएवढी. ही गोळी ज्या नळीत बरोब्बर बसते ती बारा बोअरची नळी. अमेरिकेत यालाच गेज म्हणतात. बारा गेज आणि बारा बोअर एकच.

म्हणजे आकडा लांबीचा नाहीच. एका पौंडात किती गोळ्या, याची ती मोजणी आहे. त्यामुळे तो उलटा चालतो. वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, कारण एका पौंडात वीस गोळ्या करायच्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. सोळा बोअर १६.८ मिमी, वीस बोअर १५.६. आणि चोवीस बोअरचं भोक बाराच्या निम्मं नसतं. वजन निम्मं झालं तरी गोळ्याचा व्यास घनमूळाने कमी होतो, म्हणून तो १४.७ भरतो. दहावीच्या भूमितीत गोलाचं घनफळ शिकताना ‘याचा उपयोग काय’ असं विचारणारे आम्ही सगळेच होतो. घ्या, उपयोग.

ही पद्धत आली कुठून, तर तोफांकडून. तोफेचं नाव तिच्या गोळ्याच्या वजनावरून असे: सहा पौंडी, बारा पौंडी. हातातल्या बंदुकीची गोळी पौंडापेक्षा कितीतरी हलकी, म्हणून तिथे ‘पौंडाचा बारावा हिस्सा’ अशी भाषा आली. ज्या काळात भोकाचा व्यास हजाराव्या इंचापर्यंत मोजायचं साधन सहज मिळत नव्हतं, पण तराजू आणि शिसं वितळवायची पळी कुणाकडेही होती, त्या काळचं हे मोजमाप आहे. मला ते आवडलं. पायली-शेराच्या घरातलं वाटलं.

अपवाद एकच लक्षात ठेवावा असा: ‘४१०’. ही सुद्धा छर्ऱ्यांचीच बंदूक, पण तिचा आकडा पौंडाच्या हिशोबातला नाही. तो सरळ इंचातला व्यास आहे, .४१०, म्हणजे १०.४ मिमी. बोअरच्या भाषेत बोलायचं तर ती सदुसष्टच्या आसपास जाईल. इथे आपण कॅलिबरच्या प्रांतात शिरतो. तो प्रांत वरवर जास्त शिस्तीचा दिसतो आणि आत पूर्ण गोंधळ आहे.

कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास. रायफल आणि पिस्तुलाच्या नळीत आतून नागमोडी आटे असतात, स्क्रूला असतात तसे. ते गोळीला फिरकी देतात. आकडा इंचात असेल तर .२२, .३२, .३०३. मिलिमीटरमध्ये असेल तर ५.५६, ७.६२, ९. पंचवीस पूर्णांक चार दशांशाने गुणायचं की झालं. .३० इंच म्हणजे ७.६२ मिमी, अगदी चोख. .२२ म्हणजे ५.६. इथपर्यंत सगळं छान.

मग .३८ स्पेशल नावाचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस येतं आणि त्याची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची निघते. कारण जुन्या काळी गोळी काडतुसाच्या बाहेरच्या व्यासाएवढी जाड असे. नंतर ती काडतुसाच्या आत बसवायला लागले, त्यामुळे ती बारीक झाली, नाव मात्र तसंच राहिलं. .३०३ च्या गोळीचा व्यास .३०३ पेक्षा जास्त असतो, कारण आकडा आट्यांच्या उंचवट्यांमधला आणि गोळी मात्र आट्यांच्या खोबणीपर्यंत भरणारी. अमेरिकेच्या .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .४५-७० मधले ७० म्हणजे काळ्या दारूचं ग्रेनमधलं वजन. एकाच जागी कधी साल, कधी वजन. आमच्या गावातल्या घरांना ‘वरचं घर’, ‘मधलं घर’, ‘पोस्टाकडचं घर’ म्हणतात. पोस्ट तिथून कधीच हललं, घर अजून पोस्टाकडचंच. तसं हे.

आपल्याकडचं सगळ्यात मजेशीर उदाहरण ‘.३१५ बोअर’. उत्तरेकडच्या गुन्ह्यांच्या बातम्यांमध्ये हा आकडा सारखा दिसतो. इंग्रजांच्या राज्यात .३०३ हे फौजेचं काडतूस होतं, म्हणून सामान्य माणसाला ते ठेवायला बंदी. मग शिकाऱ्यांसाठी ऑस्ट्रियन लष्कराच्या ८ मिमी काडतुसाला जागा मिळाली आणि ८ मिलिमीटरचे इंच करून .३१५ हे नाव आलं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात या काडतुसाच्या रायफली स्वातंत्र्यानंतरही बनत राहिल्या. म्हणजे लहान .३०३ ‘प्रोहिबिटेड बोअर’ आणि मोठं .३१५ ‘नॉन-प्रोहिबिटेड’. परवान्याच्या फॉर्मवर हे शब्द वाचून कुणालाही वाटेल की ठरावीक मापापेक्षा मोठं भोक असलं की बंदी. प्रश्न मापाचा नव्हताच. सैनिकाचं काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, एवढाच होता.

आणि .३२. परवान्यावर ‘.३२’ एवढंच असेल तर रिव्हॉल्व्हर आहे की पिस्तूल हे बघावंच लागतं, कारण दोघांची काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं काडतूस आखूड, आणि त्याचंच मिलिमीटरमधलं नाव ७.६५. मराठी पेपरात ‘७.६५ एमएम पिस्तूल जप्त’ अशी बातमी असते ती याचीच. .३२ ला २५.४ ने गुणून बघा, ७.६५ येत नाही. मी दोनदा गुणलं.

माझ्या डोक्यात हे सगळं नीट लागलं ते बालेवाडीला. कॉलेजची एक मैत्रीण तिथे क्रीडासंकुलात दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. तिने छर्ऱ्यांची डबी दाखवली. एअर रायफलचं कॅलिबर ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंच. पण तिच्या बॅगेत तीन डब्या होत्या: ४.४९, ४.५०, ४.५१. प्रत्येक रायफलला कुठला छर्रा मानवतो ते नेमबाज बसून तपासतात. एका शतांश मिलिमीटरसाठी. तिचं एक वाक्य मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलं: “कॅलिबर म्हणजे आडनाव. कुणाशी बोलतोय ते कळायला पूर्ण नाव लागतं.”

पूर्ण नावात लांबी येते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याच्या रायफलमध्ये .२२ लाँग रायफल जातीचं काडतूस होतं. करंगळीपेक्षा बारीक, इंचभर लांब. सैन्याच्या इन्सास रायफलची गोळी ५.५६ मिमी, व्यासाने जवळजवळ तेवढीच. पण तिच्यामागचं काडतूस ४५ मिमी लांब, दारू कितीतरी जास्त, आणि ऊर्जा साधारण दहापट. ही काडतुसं आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात वरणगावला बनतात. आकड्याने सख्खी भावंडं, कामाने काहीच नातं नाही. .२२ मध्येही शॉर्ट, लाँग रायफल, मॅग्नम असे प्रकार आहेत.

लांबी. हा शब्द डोक्यात घेऊन मी दिवाळीला गावी गेले, म्हणूनच पुढचं लक्षात आलं.

दादा आजोबांना घेऊन कोल्हापूरला जाऊन आला होता आणि त्यांच्या परवान्यावर पंचवीस काडतुसांचा नवा खोका आणला होता. लाल प्लास्टिकची, पितळी बुडाची, देखणी. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पाचसहा उरली होती, कागदी अंगाची, दमट हवेने फुगलेली. ती फेकायचीच होती. खोक्यावर छापलं होतं: १२, ७० मिमी, नं. ४.

नं. ४ म्हणजे आतल्या छर्ऱ्यांचा आकार, आणि तोही उलटाच चालतो: ४ नंबरचा छर्रा ३.१ मिमी, ६ नंबरचा २.६. मोठ्या छर्ऱ्यांना आकडे नसतात, अक्षरं असतात. एसजी ८.४ मिमी, एलजी त्याहून मोठा. आभाळात बार काढायला ४ नंबर पुरे. ते ठीक होतं.

दादाने बंदूक मोडली (मोडणे म्हणजे बिजागरीवर उघडणे, घाबरू नका) आणि काडतूस सरकवलं. सुळकन आत गेलं. काठ बरोबर बसला, बंदूक बंदही झाली.

मी म्हटलं, ७० आहे ते, बंदुकीवर काय आहे बघू.

“बसता मां? मगे झाला!” दादा म्हणाला.

आजोबा ओट्यावरून म्हणाले, “कोयतो खंयच्याय लाकडाक चलता. बंदुकीचा तसा नाय.” आणि मग मला, “गो, नळयेच्या पोटाक काय लिवलेला आसा ता वाच बघया.”

दादाने काडतूस काढून ठेवलं. नळ्या उतरवल्या. खालच्या बाजूला तेलाचं काळं पुसल्यावर बारीक शिक्के दिसले. बंदूक इंग्लंडमधली, आजोबांच्या मामांकडून आलेली. मोबाईलच्या टॉर्चमध्ये .७२९ हा आकडा दिसला: बारा बोअरचा व्यास इंचात, १८.५ मिमी. त्याच्याशेजारी २½ इंच. म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी ६५ मिमी. सत्तर नाही.

इथे एक गोष्ट आहे जी मापपट्टी सांगणार नाही. खोक्यावरचे ७० मिमी हे उडवलेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे असतात. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते साठच्या आसपास भरतं आणि ६५ च्या घरात आरामात जातं. बार उडाला की ती घडी उलगडते, तिला पुढे पाच मिलिमीटर जास्त जागा हवी असते, आणि तिथे तर घर संपून नळी अरुंद होऊ लागलेली असते. घडीचा कागद म्हणा, प्लास्टिक म्हणा, त्या गळ्यात अडकतं. मागून वायू ढकलतोय, पुढे वाट बारीक झालीय. दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होईलच असं नाही. दहाव्याला, विसाव्यालाही कदाचित नाही. सांधे हळूहळू ढिले होत जातात. आणि काही झालं तर जे होतं ते डाव्या हाताच्या तळव्यापासून काही इंचांवर होतं.

दादा लहानपणापासून इंजिनं खोलून बसवणारा माणूस आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने वाद घातला नाही, फक्त म्हणाला, मग दुकानदार काय झोपला होता? हा प्रश्न रास्त होता. म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो, दुसऱ्या एका दुकानात, बंदूक आणि खोका दोन्ही घेऊन.

तिथल्या मालकांनी पितळेची एक पायऱ्या असलेली दांडी नळीत घातली, काढली, परत घातली. पासष्टच. मग खोका उचलून बाजूला ठेवला. “ताई, बसतंय म्हणून घालायचं नसतंय,” ते म्हणाले. आकडे माणसासाठी असतात, लोखंडाला काही कळत नाही, हेही तेच म्हणाले, पण तेव्हा ते दादाकडे बघत होते.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पिवळं काडतूस काढून टेबलावर ठेवलं. वीस बोअरचं. ते मुद्दाम पिवळं करतात, म्हणाले. का, तर वीसचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं तर त्याचा काठ मागे अडकत नाही, ते घसरून पुढे नळीत जाऊन बसतं. घोडा दाबला की नुसता टक्. माणसाला वाटतं, बंदूक रिकामीच आहे. मागून बघितलं तर घर रिकामं दिसतंसुद्धा. तो बाराचं काडतूस भरतो आणि दाबतो. पुढचं त्यांनी हाताने दाखवलं, पाच बोटं उघडून. दादा काही बोलला नाही. ते पिवळं काडतूस त्याने हातात घेऊन बराच वेळ फिरवलं.

बंदूक फुटण्याची भीती दुकानात बसून कळते. गावात वेगळी भीती आहे आणि ती जुनी आहे. रात्री शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने झुडपातल्या हालचालीवर बार टाकला आणि झुडपात डुक्कर नव्हतं, अशा बातम्या कोकणात दर काही वर्षांनी येतात. बाबांचा नकार त्यातून आलाय. त्यांच्या शाळेतला एक मित्र असाच गेला. त्यांना बोअर, गेज, चेंबर यातलं काही ऐकायचं नाही. माझं पितळी दांडीचं वर्णन त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ह्या सगळ्यान माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळता?” कळत नाही. मी तसंच सांगितलं.

तरी मला वाटतं की न वाचता ठेवलेली बंदूक वाचून ठेवलेल्या बंदुकीपेक्षा वाईट. आणि आमच्या घरात ती उद्यापासून नसेल असं कुणी म्हणत नाहीये. बाबा सोडून. बंदूक जमा करून परवाना रद्द करायचा, हाही रस्ता कायद्यात आहे आणि तो आजोबांच्या हयातीत घेतला तर सगळ्यात सोपा. हे मी आजोबांना समजावलं. त्यांनी विचारलं, “आणि माकडांका काय सांगशीत?” दादाने नारळांवर फटाक्यांची माळ लावून बघितलीय, प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडची तोफही. ती तोफ स्वतःच एक धोका आहे, डोळ्याचा.

सध्याची स्थिती अशी. सत्तर मिमीचा खोका त्या दुकानदारांनी परत घेतला नाही, कारण तो त्यांच्याकडचा नव्हता, पण योग्य नोंद करून तो जिथून आला तिथे परत कसा द्यायचा ते सांगितलं, आणि दादा एकटा जाऊन देऊन आला. पासष्टची काडतुसं मागवावी लागतील, वेळ लागेल म्हणाले. दादाने बंदुकीच्या कपाटाच्या आत पांढरी चिकटपट्टी लावून वर मार्करने लिहिलंय: १२ / ६५ / दुसरं काही नाही. अर्जावर वारस म्हणून माझं नाव लिहून आजोबांनी सही केलीय. माझी सही अजून बाकी आहे. प्रशिक्षणाचा दाखला लागतो, त्यासाठी नाव नोंदवलंय, ते पहिल्यांदा करू असं ठरवलं. परवाना मिळाला तरी मी पुण्यात आणि बंदूक कुडाळात, हा प्रश्न आहेच. ती दादाच्या हाती ठेवता येत नाही, कारण परवाना ज्याच्या नावावर त्यानेच ती बाळगायची.

आजोबांनी तेवढ्यात परवान्याची पुस्तिका नव्या प्लास्टिकमध्ये घातली. आत मी पेन्सिलने लिहिलेला एक कागदही ठेवलाय त्यांनी, एका पौंडात बारा गोळ्या कशा येतात त्याचं गणित. ते त्यांना पूर्ण पटलेलं नाही. शिशाऐवजी लोखंडाच्या गोळ्या केल्या तर भोक मोठं होईल ना, असं ते काल फोनवर विचारत होते. होईल, मी म्हटलं. मग ते म्हणाले, बघ, त्यात काहीतरी गडबड आसा.